गळ्याशी आलेली गोष्ट

(स्त्री-आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



माझा आवाज घोगरा येतोय तो माइकमुळे नव्हे. २०१६ साली गळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तो असाच आहे. पूर्वी भोंडल्याची गाणी मी सांगायची आणि बाकीच्या मागून म्हणायच्या. आता मी नुसता फेर धरते.

थायरॉइडचा कॅन्सर कशाने होतो, हवापाण्यातून, अन्नातून येतो का, आणि तो वेळेवर कसा ओळखायचा, असे प्रश्न ताईंनी मला चिठ्ठीवर लिहून दिलेत. मी डॉक्टर नाही. सत्तावीस वर्षं एका रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात तंत्रज्ञ होते. सुईने गाठीतून काढलेल्या पेशी काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि काच डॉक्टरांपुढे ठेवायची, हे माझं काम. त्या काचा कुणाच्या, हे कळायचं फक्त नावावरून. नावं बहुतेक बायकांचीच असायची. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

आमच्या घरात गळ्याच्या गाठी दोघींना झाल्या. एक आत्याला आणि दुसरी मला.

आत्या सातपुड्याच्या पायथ्याशी राहायची. मला आठवतं तेव्हापासून तिच्या गळ्यावर लिंबाएवढी गाठ होती आणि त्यावर पदर असायचा. गलगंड हा शब्द मी पुढे पुस्तकात वाचला. घरी नुसतं ‘गळ्याला आलंय’ म्हणायचे. दुखत नाही, खुपत नाही, मग कशाला दवाखाना? १९९१च्या दिवाळीत तिचा आवाज बसला. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, खोकल्याच्या दोन बाटल्या झाल्या. भाकरी गिळेना तेव्हा तिला माझ्याकडे आणलं. गाठ मोसंबीएवढी झाली होती. तिची काच मीच रंगवली. डॉक्टरांनी पाहिली आणि काही न बोलता चष्मा काढून ठेवला. सहा आठवड्यांत आत्या गेली.

माझी गाठ सहा मिलिमीटरची होती. तुरीच्या दाण्याएवढी. मला ती कधी लागली नाही, दिसली नाही. निवृत्त झाले तेव्हा मुलाने हौसेने ‘संपूर्ण तपासणी’चं पॅकेज भेट दिलं, त्यात गळ्याची सोनोग्राफी होती. मग सुई, मग ‘पॅपिलरी कॅन्सर’ असा अहवाल आणि पंधरा दिवसांत अख्खी ग्रंथी काढली. थांबून बघता येईल का, असं मला कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, आणि हे मी सत्तावीस वर्षं काचा रंगवलेली बाई सांगतेय. कॅन्सर हा शब्द कानावर पडला की शिकलेलं सगळं विसरायला होतं.

आता ताईंचा पहिला प्रश्न. थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. तिला तिचा रस तयार करायला आयोडीन लागतं आणि रक्तातून येईल ते आयोडीन ती ओढून घेते. चांगलं कुठलं, किरणोत्सर्गी कुठलं, हे तिला कळत नाही. शरीरात आयोडीनची टंचाई असेल तर ती जास्तच हावरटपणे ओढते. लहान मुलांची ग्रंथी इवलीशी, म्हणून तेवढ्याच आयोडीनचा मारा तिच्यावर कितीतरी पट बसतो.

२६ एप्रिल १९८६च्या पहाटे युक्रेनमधल्या चेर्नोबिल अणुभट्टीचा स्फोट झाला. जे बाहेर पडलं त्यात किरणोत्सर्गी आयोडीन भरपूर होतं. त्याचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो, म्हणजे दोन-अडीच महिन्यांत ते संपल्यात जमा. पण धोका त्या पहिल्या आठवड्यांतच होता. ढग पसरले, पाऊस पडला, आयोडीन गवतावर बसलं. गवत गायींनी खाल्लं आणि ते दुधात उतरलं. बेलारूस आणि युक्रेनच्या खेड्यांतल्या आयांनी ते दूध मुलांना पाजलं. का पाजू नये? त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. शेजारचं प्रिप्यात शहर दुसऱ्या दिवशी रिकामं केलं. पण सरकारने जगाला पहिली बातमी दिली ती २८ एप्रिलच्या रात्री, तीही स्वीडनच्या अणुकेंद्रात किरणोत्सर्ग मोजला गेल्यावर. १ मेला कीव्हमध्ये कामगार दिनाची मिरवणूक नेहमीसारखी निघाली आणि तीत मुलंही चालली.

शेजारच्या पोलंडने काय केलं बघा. त्यांनी मॉस्कोच्या निरोपाची वाट पाहिली नाही. २९ एप्रिलपासून मुलांना साध्या आयोडीनचं औषध पाजायला सुरुवात केली. सुमारे एक कोटी मुलांना ते मिळालं. ग्रंथी चांगल्या आयोडीनने आधीच भरली की वाईट आयोडीनला तिथे जागा उरत नाही. उपाय एवढा साधा आहे. पण तो काही तासांत व्हावा लागतो आणि त्यासाठी आधी खरं सांगावं लागतं.

तिकडे आया म्हणत होत्या, आमच्या मुलांचं काहीतरी बिघडलंय. अधिकाऱ्यांनी त्यासाठी एक शब्द काढला, ‘रेडिओफोबिया’. म्हणजे किरणांची भीती, म्हणजे बायकांच्या मनाचे खेळ. हा शब्द वाचला आणि मला आमची ओपीडी आठवली. तिथे दर दुसऱ्या बाईच्या कागदावर ‘टेन्शन’ लिहिलेलं असायचं.

१९९१ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या पथकाने अहवाल दिला की, थेट किरणांमुळे झाला म्हणावा असा आजार आढळत नाही. पुढच्याच वर्षी बेलारूसच्या तीन डॉक्टरांनी, काझाकोव, देमिदचिक आणि अस्ताखोवा यांनी, ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात एक छोटं पत्र छापलं. १९८६ ते १९८९ या काळात त्यांच्या देशात मुलांच्या थायरॉइड कॅन्सरचे रुग्ण वर्षाला सरासरी चार असायचे. १९९१ साली ५५ झाले. मोठ्या देशांतल्या शास्त्रज्ञांनी शंका काढल्या. इतक्या लवकर कसा होईल? तुम्ही आता तपासता म्हणून सापडतोय.

ही दुसरी शंका नीट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे. कारण ती चुकीची शंका नाही. तपासलं की सापडतं, हे या आजाराच्या बाबतीत अगदी खरं आहे. मग ठरवायचं कसं? बेलारूसच्या गोमेल भागात, जिथे आयोडीन खूप पडलं तिथे, शाळकरी मुलांचे दोन गट सारख्याच पद्धतीने तपासले. एका गटात स्फोटाआधी जन्मलेली, म्हणजे ते दूध प्यायलेली ९७२० मुलं. दुसऱ्या गटात १९८७ ते १९८९ मध्ये जन्मलेली ९४७२ मुलं. गाव तेच, सोनोग्राफी तीच, पण ती जन्मली तेव्हा आयोडीन संपून गेलं होतं. पहिल्या गटात ३१ मुलांना कॅन्सर निघाला, दुसऱ्यात एकालाही नाही. २००१ साली हे छापून आलं. आई म्हणत होती ते खरं होतं, हे कळायला पंधरा वर्षं लागली.

२००५पर्यंत त्या भागात लहानपणी किरण लागलेल्यांमध्ये सहा हजारांवर रुग्ण नोंदले गेले. त्यातले मृत्यू तेव्हा पंधरा होते, कारण हा कॅन्सर बहुतेक वेळा उपचाराला चांगला दाद देतो. पण गळ्यावर व्रण घेऊन आणि रोजची गोळी घेऊन ती मुलं मोठी झाली.

हे तिकडेच घडतं असं समजू नका. अमेरिकेने १९५०च्या दशकात नेवाडाच्या वाळवंटात उघड्यावर अणुचाचण्या केल्या. आयोडीन तसंच वाऱ्याबरोबर गेलं, तसंच गवतावर बसलं. परसातल्या बकरीचं दूध पिणाऱ्या मुलांना सगळ्यात जास्त मात्रा मिळाली, कारण बकरीच्या दुधात ते गायीपेक्षा जास्त उतरतं. त्यांच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा अहवाल लोकांसमोर आला १९९७ मध्ये. तोवर ती मुलं आजीआजोबा होऊ लागली होती.

आणि अणुबाँबशिवायही हे घडलंय, दवाखान्यात. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात आणि त्यानंतरही काही वर्षं, बाळाच्या छातीतली थायमस ग्रंथी मोठी दिसते, टॉन्सिल सुजलेत, डोक्यात नायटा झालाय, असल्या कारणांसाठी मुलांना एक्स-रेचे झोत देत. आया मुलांना हाताला धरून नेत, रांगा लावत. १९५० साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी थायरॉइड कॅन्सर झालेल्या २८ मुलांचे कागद पाहिले, तर दहांना तान्हेपणी थायमसवर किरण दिलेले होते. तेव्हापासून डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच ‘लहानपणी मानेला किंवा डोक्याला किरण दिले होते का’ असं विचारायला हवं. मला कुणी विचारलं नव्हतं. तुम्हाला विचारलं नाही तर तुम्ही आपणहून सांगा.

थोडक्यात, वातावरणातलं सिद्ध झालेलं कारण म्हणजे लहान वयात लागलेले किरण. मोठेपणी लागले तर धोका फारच कमी. म्हणून मॅमोग्राफीला घाबरू नका, त्यातून गळ्यापर्यंत पोचणारी मात्रा नगण्य असते. मुलांच्या सीटी स्कॅनच्या वेळी मात्र ‘हा नक्की लागेल ना, सोनोग्राफीवर भागणार नाही?’ असं जरूर विचारा. मूल पडलं, टेंगूळ आलं, की लगेच स्कॅन, ही नवी रीत मला पटत नाही.

कीटकनाशकं, पाण्यातलं नायट्रेट, फोम आणि प्लास्टिकमधली आग रोखणारी रसायनं, यांच्यावर संशय आहे, अभ्यास चालू आहेत, गुन्हा शाबीत झालेला नाही. सिसिलीत एटना ज्वालामुखीच्या परिसरात हा कॅन्सर बेटाच्या इतर भागांपेक्षा जास्त आढळतो. केरळच्या करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतच थोरियम आहे, म्हणून तिथे कॅन्सर जास्त असणार असं सगळ्यांना वाटायचं. सुमारे सत्तर हजार लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून २००९ साली निष्कर्ष आला, की तसा वाढीव कॅन्सर तिथे आढळत नाही. मला वाटलं होतं त्याच्या उलट निघालं, तरी मी ते सांगणार. आपल्या बाजूचा पुरावा तेवढा उचलायचा, हे आपण इतरांचं चालवून घेत नाही.

आणि आयोडीन. ते कमी पडलं की ग्रंथी फुगते, आत्यासारखी. अशा भागात फॉलिक्युलर नावाच्या प्रकाराचं प्रमाण जास्त असतं, तो पॅपिलरीपेक्षा थोडा वाईट. आपल्याकडे मिठात आयोडीन घालायची मोहीम कांगडा खोऱ्यातल्या डॉ. रामलिंगस्वामींच्या कामातून उभी राहिली. आणि आता शहरातल्या शिकल्यासवरलेल्या घरांतून सैंधव आलंय! चवीला असू द्या, पण गरोदर सुनेच्या जेवणातलं साधं आयोडीनयुक्त मीठ काढू नका. मात्र अणुदुर्घटना झाली तर हे मीठ कामाला येत नाही, तिथे गोळीच लागते. तारापूरची भट्टी १९६९ साली सुरू झाली. तिकडून आलेल्या मैत्रिणींनी आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारावं, आयोडीनच्या गोळ्या कुठे ठेवल्यात आणि वाटायच्या कुणी? भांडायला नको, नुसतं विचारावं.

आता ती मघाची शंका. तपासलं की सापडतं.

१९८५ साली फिनलंडमध्ये दुसऱ्याच कारणांनी मेलेल्या १०१ माणसांच्या थायरॉइड ग्रंथी बारीक काप करून पाहिल्या. ३६ जणांत बारीकसा पॅपिलरी कॅन्सर होता. त्यांना जिवंतपणी त्याचा पत्ता नव्हता आणि त्रासही नव्हता. म्हणजे आपल्यापैकी कितीतरी जणींच्या गळ्यात असा दाणा असेल आणि तो जन्मभर तसाच राहील. दक्षिण कोरियात १९९९नंतर सरकारी कॅन्सर तपासणीबरोबर थोडे जास्त पैसे घेऊन गळ्याची सोनोग्राफी करायची लाट आली. २०११ साली थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३च्या पंधरापट झालं होतं. मृत्यू? होते तेवढेच. खरी साथ असती तर माणसं जास्त मेली असती, आणि उपचारांनी जीव वाचत असते तर कमी मेली असती. २०१४ साली तिथल्याच आठ डॉक्टरांनी जाहीरपणे ही तपासणी थांबवा म्हटलं, आणि वर्षभरात ऑपरेशनं एक तृतीयांशाहून जास्त घटली.

आता बायकांचं. नोंदींत हा कॅन्सर पुरुषांपेक्षा स्त्रियांत तिपटीने असतो. हार्मोन, बाळंतपणं, काय काय कारणं मी ऐकलीत. थोडं काही असेलही. पण शवविच्छेदनात पाहिलं तर हे बारीक दाणे स्त्रीपुरुषांत जवळजवळ सारखेच निघतात, आणि या आजाराने मरणाऱ्यांतही फरक फारसा नाही. २०२१ साली अमेरिकेतल्या अभ्यासाने हे मांडलं, तेव्हा मला माझ्या काचांवरची नावं आठवली. बाई थकते, वजन वाढतं, केस गळतात, पाळी बिघडते. मग थायरॉइडची रक्ततपासणी, मग ‘एकदा सोनोग्राफी करून घेऊ’. पुरुषाचा गळा कोण बघतं? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशोबात, बारा देशांत वीस वर्षांत चार लाख सत्तर हजारांवर बायकांना गरज नसताना हे निदान चिकटलं. पुरुष होते नव्वद हजार. आपल्याकडेही केरळच्या तिरुअनंतपुरमच्या नोंदीत हे प्रमाण देशातल्या इतर ठिकाणांपेक्षा बरंच जास्त दिसतं, आणि त्यामागे मुख्यतः जास्त तपासण्या आहेत असं अभ्यासकांचं म्हणणं आहे.

चेर्नोबिलच्या आयांना ‘तपासता म्हणून सापडतं’ असं सांगून गप्प केलं, आणि तेच वाक्य आज मी तुम्हाला सांगतेय. फरक एवढाच की गोमेलमध्ये ते तपासून पाहिलं आणि खोटं निघालं, कोरियात तपासून पाहिलं आणि खरं निघालं. फुकुशिमात २०११च्या अपघातानंतर दूध आणि भाजीपाला लवकर थांबवला होता, मुलांना लागलेली मात्रा चेर्नोबिलपेक्षा कितीतरी कमी होती. तरी तीन लाख मुलांचे गळे सोनोग्राफीने पाहिले आणि पहिल्याच फेरीत शंभरावर मुलांत कॅन्सर किंवा त्याचा संशय निघाला. संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या मते हे किरणांपेक्षा बारीक तपासणीचं फळ आहे. २०१८ साली तज्ज्ञांच्या गटाने तर अशा अपघातानंतरही सरसकट सगळ्यांच्या गळ्याची तपासणी करू नका असा सल्ला दिला; ज्यांना जास्त मात्रा लागली त्यांना माहिती द्या आणि निर्णय त्यांना घेऊ द्या. पण त्या मुलांच्या आयांची रात्र कशी गेली असेल ते या अहवालांत येत नाही.

मग करायचं काय? गळ्याला काही नसताना, हौस म्हणून, पॅकेजात आहे म्हणून सोनोग्राफी करू नका. पण गाठ हाताला लागली तर घरी बसू नका. आरशासमोर मान जराशी मागे करा, पाण्याचा घोट घ्या. गिळताना गाठ वरखाली होते का बघा. होत असेल तर ती थायरॉइडची असण्याचा संभव. आवाज तीन आठवड्यांवर बसलेला, गिळताना अडकणं, मानेच्या बाजूला आणखी गाठी, जुनी गाठ एकाएकी वाढणं, घरात कुणाला हा कॅन्सर, यांतलं काही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. गाठींतल्या शंभरातल्या नव्वदांवर साध्या असतात. रक्ताची टीएसएच ‘नॉर्मल’ आली म्हणून गाठ साधी, असं मात्र होत नाही. कॅन्सरमध्ये ती बहुतेकदा नॉर्मलच असते. पुष्कळ जणी तो कागद पर्समध्ये ठेवून निर्धास्त राहतात.

सोनोग्राफीत गाठ कशी दिसते आणि केवढी आहे, यावर सुई घालायची का ते ठरतं. एक सेंटिमीटरच्या आतल्या गाठीला सहसा सुई लावायची नाही, असं आता मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. सुईची तपासणी दहा मिनिटांची, भूलही लागत नाही. अहवाल सहा गटांत देतात, या पद्धतीला बेथेस्डा म्हणतात. दुसरा गट म्हणजे साधी गाठ, सहावा म्हणजे कॅन्सर. पहिला म्हणजे पेशी पुरेशा आल्या नाहीत, पुन्हा सुई. हा आमच्याकडे फार यायचा. घाईत काढलेली, नुसत्या रक्ताने भरलेली काच आली की माझा जीव वरखाली व्हायचा, कारण खेड्यातून आलेली बाई दुसऱ्यांदा यायचीच नाही. निदान सुधारायचं म्हणजे महागडं यंत्र आणायचं असं नाही. सुई मारतानाच तिथे कुणीतरी काच पाहून ‘पेशी आल्या’ म्हटलं, तर एका बाईचा दोनशे रुपयांचा प्रवास आणि एका दिवसाची मजुरी वाचते. आणि तिसऱ्या-चौथ्या गटात सुईला कळतच नाही, कारण फॉलिक्युलर कॅन्सर ओळखायला गाठीचं आवरण फुटलंय का ते बघावं लागतं. तिथे ‘निश्चित सांगता येत नाही’ हेच खरं उत्तर, ते ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

माझ्यासारखा बारीक पॅपिलरी निघाला तर? जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलात १९९३पासून अशा बायकांना पर्याय देतात, ऑपरेशन किंवा नुसतं लक्ष ठेवणं. लक्ष ठेवलेल्या बाराशेवर रुग्णांत दहा वर्षांत शंभरात आठ जणांचीच गाठ तीन मिलिमीटरने वाढली आणि कॅन्सरने कुणी दगावलं नाही. पाहिजे तेव्हा ऑपरेशनचा रस्ता मोकळाच राहिला. हे मी ऑपरेशननंतर वाचलं. गाठ आवाजाच्या नसेजवळ असेल किंवा मानेतल्या गाठींत पसरली असेल तर थांबू नये, हेही तिथलेच डॉक्टर सांगतात. माझी कशी होती हे मी नंतर जुन्या फिल्मवर बघायला मागितलं. नस लांब होती.

ऑपरेशन करायचंच असेल तर विचारा: अर्धी ग्रंथी काढून भागेल का? आवाजाची नस आणि कॅल्शियमच्या चार इवल्या ग्रंथी कशा वाचवणार? महिन्याला अशी किती ऑपरेशनं तुम्ही करता? हा शेवटचा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, मला ठाऊक आहे. तरी विचारा. हात ज्याचा बसलाय त्याच्याकडे त्रास कमी होतो. माझ्या बोटांना महिनाभर मुंग्या येत होत्या, अजून कॅल्शियम चालू आहे.

आत्याची मुलगी आज इथे आली आहे, मागे बसली आहे. तिलाही गाठ आहे, तीन सेंटिमीटरची. गेल्या पावसाळ्यात मी तिला घेऊन गेले, सुई झाली, गट दुसरा आला. वर्षाने पुन्हा दाखवायचं. तिने पदर सरकवून तुम्हाला ती दाखवायचं कबूल केलंय, हाताला कशी लागते ते जिला बघायचंय तिने बघावं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी व्हरांड्यात आहोत. घरात जुने अहवाल पडले असतील तर उद्या घेऊन या, मी वाचून दाखवेन. काय करायचं ते सांगणार नाही, डॉक्टरांना काय विचारायचं ते लिहून देईन.